अकरा शिखरं, बारावं वादात

वन्सं, बोईसरच्या नाक्यावर तुमचा फ्लेक्स लागला होता. मी तो उतरवला. केळीचे घड तोडायचा कोयता पिशवीत घालून रिक्षाने गेले, भर दुपारी शेजारच्या दुकानातलं स्टूल मागून घेतलं आणि चारी कोपऱ्यांच्या दोऱ्या कापल्या. माणसं जमली. कुणीतरी म्हणालं, "बाईचं डोकं फिरलंय, घरात मयत झालंय ना त्यांच्या." मी वरूनच म्हटलं, "फिरलंय. जरा स्टूल धरा." त्या माणसाने मुकाट्याने धरलं.

तुम्हाला जाऊन तेव्हा आठवडासुद्धा झाला नव्हता. त्या रविवारी तुम्ही बेटेगावच्या तुमच्या खोलीवरून माहीमला आमच्याकडे आलात, सुक्या बोंबलांची चटणी दोनदा मागून घेतलीत, "मीठ जास्त पडलंय" असं सांगत सगळी संपवलीत आणि आतल्या खोलीत आडव्या झालात. मी चहा घेऊन आले, हाक मारली, तुम्ही उठला नाहीत. डॉक्टर म्हणाले, झोपेतच हृदय थांबलं. येणारा प्रत्येक जण तुमचे शेवटचे शब्द विचारतो आणि मला ते मिठाचंच सांगावं लागतं. खरं तर जास्त पडलं नव्हतं.

आता घरात जो येतो तो पाण्याचा पेला हातात घेऊन एकच वाक्य टाकतो, "एवढे डोंगर चढली आणि शेवटी सपाटीवर गेली." कुणी म्हणतं, डोंगरांनीच तिचं हृदय खाल्लं. परवा तुमची ती केळव्याची मावशी हेच बोलली तेव्हा माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हटलं, "मावशी, तुमचे यजमान तर घराची पायरी सोडून कुठं गेले नव्हते, त्यांच्या हृदयाला कुणी खाल्लं?" मावशी रागावल्या. रागावू देत. रडायला आलेल्या माणसाने रडावं, निकाल द्यायला बसू नये.

फ्लेक्स लावला तुमच्या चुलतभावाने, आमच्या नंदूभावोजींनी. त्यांना फ्लेक्सचा सोस किती, ते तुम्हाला माहीतच आहे. कुणाचा वाढदिवस असो की कुणाचा दहावीचा निकाल, भावोजींचा हात जोडलेला फोटो एका कोपऱ्यात असायचाच. तुमच्या फ्लेक्सवरही होता. तुमचा फोटो कुणाच्या तरी हळदीतला, खांद्यावर कुणाचा तरी हिरव्या बांगड्यांचा हात तसाच राहिलेला. मागे बर्फाचा भलामोठा डोंगर, संगणकातून आणून चिकटवलेला. आणि खाली लाल अक्षरांत: "पालघरची वाघीण कुमारी विमलताई, भारतातील सर्वच्या सर्व राज्यांची सर्वोच्च शिखरे सर करणाऱ्या एकमेव महिला, यांना भावपूर्ण श्रद्धांजली."

सर्वच्या सर्व! राज्यं अठ्ठावीस, तुमची झाली होती अकरा. आणि वाघीण कसली, कुत्रं भुंकलं तरी तुम्ही माझ्या मागे लपायच्या.

दोऱ्या कापून फ्लेक्सची गुंडाळी करत होते तेव्हा समोरच्या वडापाववाल्याने विचारलं, "पण त्या करायच्या काय नक्की? ट्रेकिंग?" मी त्याला सांगितलं, ट्रेकिंग नाय. एकेका राज्यातली सगळ्यात उंच जागा शोधायची, तीसुद्धा निसर्गाने केलेली, आणि तिच्यावर जाऊन उभं राहायचं. बस्स. तो म्हणाला, "मग मिळतं काय?" मी म्हटलं, "काय नाय मिळत." त्याने मान हलवली आणि मला पाणी दिलं.

हाच प्रश्न काळदुर्गाच्या वाटेवर आपल्याला लाकडांची मोळी घेऊन उतरणाऱ्या एका बाईने विचारला होता. सरावाला आपण वाघोबा खिंडीतून चढत होतो. ती थांबून म्हणाली, "वर काय ठेवलंय बाय तुमचं?" तुम्ही म्हणालात, "काय नाय." "मग कशाला जातंय?" तुम्ही म्हणालात, "काय नाय म्हणून तर." ती इतकी हसली की मोळी सावरायला तिला झाडाचा आधार घ्यावा लागला. कारखान्यात दिवसभर औषधांच्या गोळ्या तपासायच्या, सूतभर फरक आला तर माल परत पाठवायचा, आणि सुट्टी मिळाली की हे. लोकांना तुमचा मेळ लागत नसे. मला तो पहिल्या सहलीतच लागला.

ती पहिली सहल गिरनारची. सासूबाई तेव्हा होत्या आणि मी माहीमच्या वाडीतून पालघरच्या बाजारापलीकडे फारशी गेले नव्हते. पानवेलींना पाणी, घर, सासूबाईंच्या गोळ्या, एवढंच माझं जग. तुम्ही सासूबाईंना म्हणालात, "हेमाला दत्ताला नेते." दत्ताच्या नावाला त्या नाही म्हणणार कशा? गावातल्या दहा-बारा जणांबरोबर आपण निघालो. अंबाजी मागे टाकून गोरखनाथाच्या माथ्यावर पोचलो आणि तुम्ही चपला काढून एका कातळावर बसलात. "झालं माझं," म्हणालात. सगळे थांबले. दत्ताच्या पादुका पुढे, दुसऱ्या शिखरावर, समोर दिसताहेत, आणि ही बाई म्हणते झालं माझं!

मी म्हटलं, "वन्सं, दत्त तिकडं हाय."

"हाय. पण ते शिखर ह्याच्यापेक्षा ठेंगणं हाय. गुजरातची सगळ्यात उंच जागा ही. इथून पुढं उतार."

"देवाला कुणी उंची बघून जातं काय?"

"मी देवाला आलेच नाय, हेमा. तू जा. मी बसते."

गिरनारला जाऊन दत्ताचं दर्शन न घेणारी बाई माहीममध्ये तोवर झाली नव्हती. मी रागाने पुढे गेले, पायऱ्या उतरले, पुन्हा चढले, दर्शन घेतलं, तुमच्यासाठी क्षमा मागितली आणि परत आले. तुम्ही माझ्या हातातला प्रसाद घेऊन मिटक्या मारत खाल्लात. मी म्हटलं, "दर्शन नको, प्रसाद चालतो?" तुम्ही म्हणालात, "प्रसादाला उंची नसते." मला हसू आलं, आणि हसल्याचा पुन्हा राग आला. गावात महिनाभर तुमची चर्चा होती. तुम्ही नाकावर टिच्चून पुढच्या सुट्टीत मला कळसूबाईला नेलंत.

तिथे तुमचा दुसरा नियम कळला. माथ्यावर पोचलं की तिथल्याच कुणाला तरी विचारायचं, "इथून वर काय हाय?" त्याने काही नाही म्हटलं तरच शिखर मोजायचं. कळसूबाईवर लिंबूसरबत विकणारे एक बाबा होते. ते म्हणाले, "वर देव." तुम्ही म्हणालात, "देव नको बाबा, जमिनीचं सांगा." ते म्हणाले, "जमीन संपली बाई." तुम्हाला ते इतकं आवडलं की दोन सरबतं प्यायलात. मग देवळाच्या बाजूच्या खडकावर अनवाणी उभ्या राहिलात. ओट्यावर नाही, पायरीवर नाही, खडकावर. माणसाने बांधलेलं आपण मोजत नाही, म्हणालात. उटीजवळच्या दोड्डबेट्टालाही तेच. वरपर्यंत गाडी जाते, तिथे दुर्बिणीचा मनोरा आहे, सगळे पर्यटक मनोऱ्यावर चढतात. तुम्ही मनोऱ्याकडे पाठ करून गवताच्या एका उंचवट्यावर उभ्या, आणि मी मनोऱ्याच्या खिडकीतून तुम्हाला हात करतेय. "मी तुमच्यापेक्षा वर हाय!" मी ओरडले. "तू बिल्डिंगीत हायस!" तुम्ही खालून ओरडलात.

गाडीने गेलेलं शिखर मोजायचं की नाही, ह्यावर आपण परतीच्या सबंध प्रवासात भांडलो. मी म्हणायचे, घाम नाही तर शिखर नाही. तुम्ही म्हणायच्या, घाम आपला, शिखर डोंगराचं, डोंगर उंच आहे तो आपल्या घामामुळे थोडाच? त्या वादात तुम्ही जिंकलात. बहुतेक वादांत तुम्हीच जिंकायच्या, आणि जिंकल्यावर तोंड इतकं साधं ठेवायच्या की आणखी चीड यायची.

भावोजींना मी हेच विचारलं, सर्वच्या सर्व कुठून आणलंत? ते म्हणाले, "वहिनी, फ्लेक्सवर अकरा कसं दिसंल? माणूस गेल्यावर थोडं वाढवूनच बोलतात." पण वन्सं, तुम्ही तर अठ्ठावीस करायला निघालाच नव्हतात. सिक्कीमचं तुम्ही आधीच खोडलं होतंत. कांचनजंगा तिथल्या माणसांना पवित्र, माथ्यावर कुणी पाऊल ठेवू नये अशी त्यांची इच्छा. मी चिडवलं होतं, "गिरनारला दत्ताला सोडलंत, आणि इथं एकदम भाविक?" तुम्ही म्हणालात, "भाविक नाय. घरमालक नको म्हणतो तर आपण ओटीवरनंच मागं फिरायचं." वर उत्तरेतली ती बर्फाची शिखरं आपल्या गुडघ्यांची नव्हती, हेही तुम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मी एकदा विचारलं की पुरं होणार नाही ते सुरू कशाला करायचं. तुम्ही म्हणालात, "पुरी होणारी कामं मी कारखान्यात करते." आणि आता नाक्यावर त्यांनी तुम्हाला पुरं करून टाकलं, रात्रीत, मागे बर्फ चिकटवून.

मी फ्लेक्स कापल्याचं कळल्यापासून तुमच्या भावाने, म्हणजे आमच्या ह्यांनी, माझ्याशी बोलणं टाकलं. समोर ताट ठेवलं की जेवतात, उठून वाडीत जातात. मी वेलींच्या ओळीत जाऊन उभी राहिले तर ते दुसऱ्या ओळीत. मला वाईट वाटलं नाही असं नाही. तुमच्यासाठी रडायचं तर आम्ही दोघांनी एकत्र रडायला हवं होतं, आणि आम्ही एका घरात दोन कोपऱ्यांत रडत होतो. पण माघार घ्यायची नाही हे मी ठरवलं होतं. शिलाँगपासून मला माघार न घ्यायची सवय लागली आहे.

शिलाँगचं आपलं भांडण कुणालाच नीट माहीत नाही. त्या राज्याची सगळ्यात उंच जागा शिलाँगलाच आहे. टॅक्सीवाल्याने आपल्याला फाटकापाशी सोडलं आणि सांगितलं, यही पीक है. सगळे तिथेच फोटो काढत होते. पण खरा माथा तारेच्या कुंपणापलीकडे, सैनिकी हद्दीत. तुम्ही फाटकावरच्या जवानाला नेहमीचा प्रश्न विचारलात, "भैया, यहाँ से ऊपर कुछ है?" तो बिचारा खरं बोलला. "हाँ मैडम, वो सामने. लेकिन उधर परमिशन नहीं है." समोर थोडासा चढ होता, आपल्या वाडीच्या बांधापासून विहिरीपर्यंत असेल तेवढा. तुम्ही त्याचे आभार मानलेत, मागे वळलात आणि म्हणालात, "नाय झालं."

मी फाटकातच भांडायला उभी राहिले. एवढा गाडीचा प्रवास, एवढी थंडी, आणि ह्या चार पावलांसाठी नाय झालं? तुम्ही म्हणालात, चार पावलं म्हणजे चार पावलं. जेवताना भांडलो, गुवाहाटीपर्यंत भांडलो, मग गाडीत बर्थवर समोरासमोर बसून भांडलो. समोरचे काका आपल्याला सासू-सून समजले. आणि मग कुठेतरी बंगालात मला ते सुचलं. मी म्हटलं, "वन्सं, आपण पायांनी थांबलो काय? कुंपणानं थांबलो. कुंपण बांधलं कुणी? माणसानं. माणसानं बांधलेलं तुमी मोजत नाय ना? मनोरा मोजत नाय, ओटा मोजत नाय, मग कुंपण तेवढं कशाला मोजताय?"

तुम्ही गप्प झालात. पहिल्यांदा! मग म्हणालात, "विचार करून सांगते."

त्याला दोन पावसाळे झाले. दर रविवारी मी पानात भात वाढताना विचारायचे, "काय ठरलं शिलाँगचं?" आणि तुम्ही म्हणायच्या, विचार चाललाय. त्या शेवटच्या रविवारीही हेच म्हणालात. आता मला सांगा, हे वागणं झालं का? माणसाने निदान उत्तर देऊन जावं. तुमची आठवण येते तेव्हा आधी हा राग येतो, आणि मग कळतं की रागासाठी समोर कुणी नाही, आणि मग मी मोरीत जाऊन नळ सोडून रडते. रडून झालं की पुन्हा राग येतो.

लोक मला विचारतात, आता त्यांची राहिलेली तुम्ही पूर्ण करणार का, त्यांच्या स्मरणार्थ. मी स्पष्ट नाही म्हणते. स्मरणार्थ बाकडी देतात, पाण्याची टाकी देतात. स्मरणार्थ डोंगर चढला तर दम कुणाला लागणार? मी जाईन तर माझ्या हौसेने जाईन, गुडघ्याला पट्टा बांधून, आणि हौस नसेल त्या वर्षी घरी बसेन. वाडीच्या बांधापलीकडे न गेलेल्या बाईला तुम्ही ही एक गोष्ट दिलीत, की मला हवंय एवढं कारण पुरतं. त्याबद्दल तुमचे आभार मी कधी मानले नाहीत. तुम्ही मानू दिले नसते, म्हणाला असतात, पुरे, चल.

मग शोकसभेचं ठरलं. बोईसरच्या सभागृहात, ह्या रविवारी. भावोजी म्हणाले, फ्लेक्स तर लागणारच, वहिनींनी हवा तसा करून आणावा. त्यांचा टोमणा होता, मी तो शब्दशः घेतला आणि काल छापखान्यात गेले. मालक उत्तरेकडचे, भले माणूस. मी आधी तो बर्फ काढायला लावला. मग हळदीतला हात. मग वाघीण. ते माउस फिरवत म्हणाले, "दीदी, सब निकालेंगे तो बचेगा क्या?" मी म्हटलं, "दीदी बचेगी."

तेवढ्यात तुमचा भाऊ दारात. भावोजींनी फोन केला असणार. वाडीतल्याच कपड्यांत आले होते, पायाला माती तशीच. पडद्यावर तुमचा तो साधा फोटो बघत राहिले. मालकांनी मला विचारलं, "सब राज्य तो काट दिया. अब कितना लिखूँ?"

मी म्हटलं, "अकरा. ग्यारह."

"सिर्फ ग्यारह?"

"हाँ, सिर्फ."

आणि मग हे बोलले. तीन दिवसांत पहिल्यांदा. "हेमा, माझ्या तायचं लगीन नाय झालं. घर नाय, पोर नाय. लोक तोंडावर अर्धवट म्हणायचे तिला, मी ऐकलंय. हे एक तरी पुरं असू दे ना तिचं. कुणाच्या बापाचं काय जातंय?"

वन्सं, मला वाटलं होतं ते भावोजींच्या नादाने रागावलेत. हे त्यांच्या पोटात होतं. मी त्यांचा हात धरला, छापखान्यात, परक्या माणसासमोर, आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली पण असं कधी केलं नव्हतं. म्हटलं, "अर्धवट काय हुतं तिचं? सांगा मला एक गोष्ट. गिरनारला सगळं गाव पुढं गेलं, ती एकटी बसली, ते अर्धवट? सिक्कीमला नको म्हटलं म्हणून गेली नाय, ते अर्धवट? तिला जेवढं पायजे हुतं तेवढं तिनं केलं आणि जे नाय केलं ते नाय केलं म्हणून सांगितलं. आपल्यात कुणाला जमलंय हे? ज्यांना ती अर्धवट वाटली त्यांना नाक्यावर अकरा वाचू दे. मोठ्या अक्षरात लिवा, म्हंजे लांबून दिसंल."

ते खुर्चीवर बसले. मालकांनी पंखा वाढवला. मग ह्यांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "बारा लिव मग."

मी म्हटलं, "बारा कुठनं?"

"शिलाँग धरून. ते कुंपणाचं तुजं बरोबर हाय. ताय मला बोलली हुती, हेमानं पकडलं मला म्हणून. हसत हुती. आता ती नाय, तूच ठरव. बारा लिव."

तुम्ही त्यांना सांगितलं होतंत! मला विचार चाललाय म्हणून झुलवत ठेवलंत आणि भावाला सांगितलंत. मला जिंकल्याचा आनंद झाला, खोटं कशाला बोलू. मालकांनी एक खोडून दोन केलं आणि माझ्याकडे पाहिलं. "बारह फाइनल?"

पण पकडलं म्हणणं वेगळं आणि झालं म्हणणं वेगळं. झालं हे तुमच्या तोंडून आलं नाही. मी म्हटलं, "नाय. अकराच ठेवा."

उद्या तो फ्लेक्स लागेल. शिलाँग झालं, असंच माझं म्हणणं आहे, आजही, आणि मी मरेपर्यंत राहील, तुम्ही काहीही म्हणा. पण वन्सं, तुम्ही समोर नसताना मला जिंकायचं नाही.